चेक हातात होता, मुदत निघून गेली

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टर्किश टॉवेलचे आठ माग आहेत. माग हे बघतात, हिशेब मी. मागच्या दिवाळीआधी मराठवाड्यातल्या एका व्यापाऱ्याला 4 लाख 86 हजारांचा माल दिला. त्याने पुढच्या तारखेचा चेक दिला, 10 जानेवारीचा. आदल्या दिवशी फोन आला, "वहिनी, एवढ्यात टाकू नका. तुमची गड्ड्याची जत्रा होऊ द्या, मग आरटीजीएसच करतो."

जत्रा झाली, फेब्रुवारी-मार्चही गेले. 15 एप्रिलला चेक घेऊन गेले तर बँकेने तो घेतलाच नाही. चेक पूर्वी सहा महिने चालायचा, माझ्या डोक्यात तेच होतं. एप्रिल 2012 पासून मुदत तीन महिन्यांची आहे, आणि तीही चेकवरच्या तारखेपासून मोजतात. मुदत संपलेला चेक परत आला तर चेक न वटल्याचा फौजदारी खटला उभाच राहत नाही.

कुरकुर न करता त्याने दुसरा चेक दिला, 20 एप्रिलचा, पूर्ण रकमेचा. त्याच्या साधेपणावर माझा विश्वास बसला तो इथेच. जूनमध्ये त्याने 50 हजार खात्यात टाकले, "बाकीसाठी थोडं थांबा" म्हणाला. सूतवाल्याचा तगादा होता, आठवड्याच्या पगाराला पैसे पुरत नव्हते, म्हणून 10 जुलैला मी चेक टाकलाच. 12 जुलैला परत आला, मेमोवर 'अपुरी शिल्लक'.

त्यानंतरचा महिना मला अजून झोपू देत नाही. तो रोज फोन करायचा. मुलीचं लग्न ठरलंय, वकिलाची नोटीस गेली तर बँकेतलं कर्ज अडकेल, वहिनी तुम्हीच सांभाळून घ्या. ह्यांचंही मन द्रवलं. 16 ऑगस्टला वकिलांकडे गेलो. त्यांनी मेमोवरची तारीख पाहिली आणि विचारलं, "ताई, नोटीस कधी पाठवली?"

वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि चेक यांच्यासाठी 1881 चा कायदा आहे, कोर्टात त्याला एनआय ॲक्ट म्हणतात. त्याचं कलम 138 आपल्यासारख्यांच्या बाजूचं आहे. चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं, तसं नव्हतं हे देणाऱ्याला दाखवावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2015 पासून खटला आपल्या बँकेची शाखा जिथे आहे तिथेच चालतो, म्हणजे माझा सोलापुरातच चालला असता. पण चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायलाच हवी. ती मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि तेही गेले की तक्रारीला एक महिना. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीच्या 30 दिवसांना माफी नाही. माझे 11 ऑगस्टला संपले होते.

मुदतीत असलेला चेक पुन्हा टाकून नव्याने दिवस मोजता येतात. माझ्या चेकची मुदत 19 जुलैलाच संपली होती. तो पहिल्या आठवड्यात इतका काकुळतीला का आला होता, ते तेव्हा उमगलं.

आणखी एक गोष्ट वकिलांनी दाखवली, ती मला सगळ्यात जास्त लागली. चेक दिल्यावर, तो टाकण्याआधी काही रक्कम आली तर कलम 56 प्रमाणे चेकवर तशी नोंद करायची आणि उरलेल्या रकमेसाठीच तो टाकायचा, नाहीतर उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्यायचा. टाकताना देणं 4 लाख 36 हजार आणि चेक 4 लाख 86 हजारांचा, मग वेळेत नोटीस देऊनही खटला पडला असता. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये तसंच सांगितलं आहे. ज्या 50 हजारांमुळे मी त्याला प्रामाणिक समजले, त्यांनीच माझा हक्क कापला होता.

दत्तनगरमधल्या एका कारखानदाराचा असाच चेक सध्या याच माणसाकडून 'थांबा'वर आहे. त्यांना मी काल मेमो, चेक, सगळं दाखवून आले. त्यांच्या चेकला अजून अकरा दिवस आहेत, ते उद्याच बँकेत जाणार आहेत.

आमचा आता दिवाणी दावा आहे, बिलं आणि परत आलेला चेक जोडून. सूतवाल्याचे पैसे माझ्या पाटल्या गहाण ठेवून दिले.