सम-विषम आणि विभाज्यतेची गणितं: आकडे टाकून बघायचे की अवयव पाडायचे?

जीमॅट, जीआरई, कॅट, एमबीए-मास्टर्सची कुठलीही प्रवेश परीक्षा घ्या, पूर्णांकांच्या गणितात दोन पार्ट्या असतातच. एक आकडे टाकून बघणारी आणि दुसरी समला २क, विषमला २क + १ मांडत बसणारी, आणि दोघींना समोरची येडी वाटते. मी आधीच सांगून टाकते, सम-विषम असेल तर बिनधास्त आकडे टाका, विभाज्यता असेल तर आकड्यांच्या नादी लागू नका, मूळ अवयव पाडा.

सम-विषमला आकडे का चालतात तर, बेरीज वजाबाकी गुणाकार एवढंच असेल तर उत्तर सम येणार की विषम हे फक्त आत घातलेली संख्या सम की विषम यावर ठरतं, ती ४ आहे की ४००० याने काही फरक पडत नाही. म्हणून समच्या जागी ० आणि विषमच्या जागी १ टाकायचा. अक्षरं दोन असतील तर चार जोड्या, तीन असतील तर आठ, तेवढ्या तपासल्या की विषय संपला, आणि हा अंदाजपंचे प्रकार नाही हां, ही पूर्ण सिद्धताच झाली.

उदा. अ(ब + १) + ब विषम आहे, तर नक्की काय म्हणता येईल? दोन्ही ० टाका, ० आलं. अ ० ब १, आलं १. अ १ ब ०, परत १. दोन्ही १ टाका, ३. म्हणजे दोन्ही सम असतील तेव्हाच सम येतं, सो किमान एक तरी विषम पाहिजेच. हे ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून तोंडी होतं, ऐरोलीचा ऑफिसवाला लोंढा उतरायच्या आत. बीजगणिताने करायचं तर ही राशी (अ + १)(ब + १) − १ अशी लिहिता येते हे आधी सुचायला हवं, आणि सुचलं तर ते भारीच आहे, पण परीक्षेत सुचेलच असं नाही ना.

दोन ठिकाणी मात्र ही आयडिया फसते. पहिलं म्हणजे भागाकार. ६ ला २ ने भागलं तर ३, ८ ला २ ने भागलं तर ४, ६ ला ४ ने भागलं तर पूर्णांकच नाही, म्हणजे सम भागिले समचं काहीही येऊ शकतं. तिथे अ भागिले ब = क असा भागाकार दिसला की गुणाकार करून लिहायचा, अ = ब × क, आणि मग ०-१ टाकायचे (फक्त ब खरोखरचा ० नाही एवढं ध्यानात ठेवून). दुसरं म्हणजे अक्षर घातांकात असलं तर. २ चा घातांक २ असेल तर ४, घातांक ० असेल तर १, घातांक दोन्हीकडे समच, उत्तर मात्र एकदा सम एकदा विषम.

आता विभाज्यता, खरे मार्क इथे जातात. क विषम आहे, तर क चा वर्ग उणे १ ला नेहमी भाग जाईल अशी सगळ्यात मोठी संख्या कोणती? समजा पर्यायात ४, ८, १२, २४ आहेत. आकडेवाला ५ टाकतो, २४ येतं. ७ टाकतो, ४८. खात्रीसाठी ११ आणि १३ पण टाकतो, १२० आणि १६८, सगळ्यांना २४ ने भाग जातो, मग तो खुशीत २४ वर टिक करतो. आणि बिचारा ३ किंवा ९ टाकतच नाही, ३ ला ८ येतं आणि ९ ला ८०, दोन्हीकडे २४ गुल. उत्तर ८. अवयववाला (क − १)(क + १) लिहितो, लागोपाठच्या दोन सम संख्या, त्यातल्या एकीला ४ ने भाग जाणारच, म्हणून ८, आणि पुढे ३ ची गॅरंटी नाही कारण क लाच ३ ने भाग जात असेल तर शेजारच्या दोघींना जाणार नाही.

दुसरं नेहमीचं गिऱ्हाईक: धन पूर्णांक क च्या वर्गाला ७२ ने भाग जातो, तर क ला नक्की कशाने जातो? ७२ म्हणजे २ × २ × २ × ३ × ३. वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीने येतो, तीन २ आहेत म्हणजे चौथा असणारच, म्हणून क मध्ये दोन २ आणि एक ३, उत्तर १२. आकड्यांनी १२ पर्यंत पोचता येतं पण ७२ किंवा २४ पासून सुरुवात केली तर दोन्ही चालताना दिसतात आणि माणूस तिथेच थांबतो.

तसं ३ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा २ च राहते, म्हणून ३ साठी ०, १, २ टाकून पण सिद्धता होते (क चा घन उणे क करून बघा, ०, ०, ६), पण ७२ साठी ७२ आकडे कोण टाकणार. भागून बाकी किती उरते याची गणितं या दोन्हींच्या मधली आहेत, ६ ने भागून बाकी ५ आणि ४ ने भागून बाकी ३ असेल तर सरळ यादी करा, ११, २३, ३५, किंवा एक मिळवला की १२ ने भाग जातो हे ओळखा, दोन्ही सेम वेळ.

परीक्षेप्रमाणे बोलायचं तर जीमॅटच्या क्वांटमध्ये (गणिताचा विभाग) ४५ मिनिटांत २१ प्रश्न आणि कॅल्क्युलेटर नाही, म्हणून अवयव हातखंडा पाहिजेत. डेटा सफिशियन्सी (दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का, असे प्रश्न) आता डेटा इनसाइट्स या वेगळ्या विभागात गेलंय आणि तिथे दोन्ही लागतं. माहिती अपुरी आहे हे दाखवायला उलटसुलट उत्तर देणारे दोन आकडे बास, पुरेशी आहे म्हणायचं तर कारण पाहिजे. जीआरईच्या तुलनेच्या प्रश्नात (दोनपैकी कुठली राशी मोठी) पण हेच, दोन आकड्यांनी उलटं आलं की ‘ठरवता येत नाही’ टिक करून पुढे. जीआरईला स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, पण ७ च्या ५० व्या घाताचा शेवटचा अंक विचारला तर तो काय कामाचा, ७, ९, ३, १ हे चक्र माहीत असेल तर ९ लगेच येतो. कॅटमध्ये उत्तर टाइप करायचे प्रश्न असतात, पर्यायच नाहीत म्हटल्यावर पर्याय खोडत जाणाऱ्यांची पंचाईत, त्यामुळे कॅटवाल्यांनी अवयवांवर जास्त वेळ घालवा, आणि ऑफिस सांभाळून जीमॅट देणाऱ्यांनी ०-१ ट्रेनमध्ये आणि अवयव घरी वही घेऊन, असं वाटून घ्या.