सेनाखासखेल कोणाचे? बडोद्यातील एका मोडी वाचकाच्या सेवेविषयी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी एक जुना कागद तीन पिढ्या देवघराशेजारच्या फडताळात जपून ठेवलेला आहे. त्याच्या पहिल्या ओळीत ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ ही अक्षरे आहेत, असे आजोबांना त्यांच्या तरुणपणी कोणा जाणत्याने सांगितले होते. तेवढ्या आधारावर ही पदवी गायकवाडांनी आमच्या मूळपुरुषास वंशपरंपरेने दिली, अशी घरात पक्की समजूत झाली. आत्याच्या लग्नपत्रिकेवर ती छापली गेली आणि बाबांनी दारावरच्या पाटीवरही ती कोरून घेतली. मोडी ही जुनी मराठी लिपी मात्र घरात कोणालाच येत नव्हती. यंदा आम्ही तो कागद रीतसर वाचून घेतला. ज्या निवृत्त शिक्षकांनी ते काम केले, त्यांच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. आपले नाव कोठेही छापू नये, अशी त्यांची विनंती असल्याने त्यांना येथे गुरुजी एवढेच म्हणते.

त्याआधीचा एक अनुभव सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय गुरुजींच्या कामाचे मोल कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी घराण्यांचा इतिहास काढून देतो असे सांगणाऱ्या एका व्यावसायिकाला आम्ही कागदाचे छायाचित्र पाठवले होते. आठ दिवसांत सोनेरी चौकटीतले मानपत्र घरपोच आले. वर ढाल-तलवार, खाली आमच्या पूर्वजाचे नाव आणि नावापुढे ती संपूर्ण पदवी. मूळ मजकुराचे ओळीबरहुकूम लिप्यंतर मागितल्यावर ते या सेवेत मोडत नाही, असे उत्तर मिळाले. बाबांनी चौकट दिवाणखान्यात लावली खरी, परंतु न वाचलेल्या कागदाच्या आधारावर असे काही भिंतीवर लावावे, हे मला तेव्हापासून खटकत होते.

गुरुजींची पद्धत पहिल्याच भेटीत वेगळी वाटली. मोबाइलवरचे छायाचित्र त्यांनी पाहिलेही नाही. कागद टीपकागदाच्या दोन तावांमध्ये सपाट ठेवून सकाळी घेऊन या, असे त्यांनी सांगितले. खिडकीजवळच्या मेजावर दिवसाच्या उजेडात त्यांनी तो भिंगाखाली धरला आणि जवळजवळ अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. मोडी लिहिणारा बहुधा आधी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसते. त्यामुळे एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने भाषेच्या आणि दफ्तरी रिवाजाच्या जाणकारीवरच ठरवायचे असते. आमच्या कागदाबाबत नेमकी येथेच चूक झाली होती. त्या व्यावसायिकाने पहिल्या ओळीतील पदवी उचलली, चौथ्या ओळीतील आमच्या पूर्वजाचे नाव उचलले आणि मधला मजकूर सोडून दोन्ही जोडून टाकले.

कागदाचा आरंभ ‘आज्ञापत्र’ या शब्दाने होतो. त्यापुढे राजश्री दमाजी गायकवाड सेनाखासखेल समशेर बहादूर हे आज्ञा देणाऱ्याचे नाव आहे, आणि त्यानंतर ज्याला आज्ञा आहे त्या गावच्या मोकदमाचा, म्हणजे गावप्रमुखाचा, उल्लेख येतो. म्हणजे पदवी देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नव्हे. आमच्या पूर्वजाचे नाव त्याच्याही पुढे, शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा स्वार म्हणून आले आहे. त्याच्याबरोबर ‘घोडी रास ३’ असून गावाने त्यांना वैरण व दाणा द्यावा, एवढाच मजकूर आहे. शेवटी ‘मोर्तब सूद’ हा मजकूर संपल्याचा शेरा आहे. सालही शब्दांतच दिलेले आहे: अर्बा सितैन मया व अलफ. अर्बा म्हणजे चार, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. अशा रीतीने सुहूर सन (मराठी दफ्तरांत वापरली जाणारी अरबी कालगणना) ११६४ होतो, आणि तो इसवी सन १७६३-६४ ला जुळतो. आमच्या घरात ‘अर्बा’ हे गावाचे नाव समजले जात होते आणि ते गाव कोठे असावे याचा शोधही एकदा झाला होता.

गुरुजी नुसते लिप्यंतर देऊन थांबत नाहीत. डाव्या बाजूला ओळींचे क्रमांक घालून अक्षरशः देवनागरी, शंकास्पद अक्षराच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह, त्याखाली आजच्या मराठीतील अर्थ आणि मग कागदातील महत्त्वाच्या शब्दांवर स्वतंत्र टिपण, असे हातचे लिहिलेले बाड ते देतात. आमच्यासाठी त्यांनी सेनाखासखेल या पदवीवर चार पाने लिहिली. माझ्या मते शुल्काचे खरे सार्थक त्या चार पानांतच झाले.

खेल म्हणजे स्वारांचे पथक, खासखेल म्हणजे धन्याचे स्वतःचे पथक, आणि सेनाखासखेल म्हणजे त्या खास पथकाचा नायक, असा अर्थ त्यांनी प्रथम लावून दिला. नागपूरकर भोसल्यांचे सेनासाहेबसुभा हे जसे घराण्याशी जडलेले पद, तसेच हे गायकवाडांचे. परंतु या पदवीचे दोन भाग एकाच वेळी आलेले नाहीत, हे मला पूर्वी कधीच माहीत नव्हते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या हाताखाली पहिल्या दमाजीराव गायकवाडांनी जो पराक्रम केला, त्याबद्दल छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना समशेर बहादूर हा किताब दिला. त्यांच्यामागे पुतणे पिलाजीराव पुढे आले. १७३१ मध्ये डभोईजवळच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पेशव्यांविरुद्ध लढताना मारले गेले. सेनापतिपद अल्पवयी यशवंतराव दाभाड्यांकडे गेले, तेव्हा त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे, असलेल्या पिलाजीरावांना जुन्या किताबाच्या जोडीला सेनाखासखेल ही पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी डाकोर येथे मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी त्यांचा खून केला. सेनापतीचे घराणे मागे पडत गेले, मुतालिकाचे घराणे गुजरातेत रुजले, आणि मुतालिकाची पदवी राजाची पदवी झाली.

टिपणातील यापुढचा भाग मी दोनदा वाचला. पदवी वंशपरंपरेची होती, तरी ती आपोआप मुलाकडे जात नव्हती. पिलाजीरावांचे पुत्र, आमच्या कागदातले आणि पानिपतावर लढलेले दुसरे दमाजीराव १७६८ मध्ये वारले आणि त्यांच्या मुलांत तंटा लागला. पेशव्यांनी आधी गोविंदरावांस सेनाखासखेल केले, मग १७७१ मध्ये तीच पदवी सयाजीरावांस देऊन फत्तेसिंगरावांना त्यांचे मुतालिक नेमले, आणि गोविंदरावांच्या हाती बडोद्याची गादी खऱ्या अर्थाने आली ती १७९३ मध्ये. प्रत्येक वेळी पुण्याला भारी नजराणा मोजावा लागला. दमाजीरावांच्या पोटच्या मुलांना जी पदवी पैसे मोजून मिळवावी लागली, ती त्यांच्याच हयातीत तीन घोड्यांच्या शिलेदाराला कोण देईल, असे गुरुजींनी बाबांना शांतपणे विचारले. त्या प्रश्नात कोठेही उपहास नव्हता. बाबा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले.

पुढचा काळ टिपणात थोडक्यात आहे, आणि ते योग्यच आहे. एक नोंद मात्र मला फार आवडली. बडोद्याची नाणी पूर्वी मोगल बादशहाच्या नावाने पडत असत. १८५७ नंतर खंडेराव महाराजांच्या नाण्यांवर बादशहाच्या नावाच्या जागी हीच पदवी आली. छत्रपतींनी सेवकाला दिलेला मान राज्याच्या नाण्यावर धन्याच्या जागी जाऊन बसला. कवळाण्याहून दत्तक आलेल्या तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या नावामागे इंग्रजांनी फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया ही आणखी लांब पदवी लावली, तरी सेनाखासखेल समशेर बहादूर कायम राहिले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची राजमान्यता व तनखे संपले.

सेवेतील उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. एका पानाच्या कागदाला आम्हाला सात आठवडे लागले आणि मधल्या काळात काम कोठवर आले हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण गुरुजी फोन सकाळी नऊ ते दहा एवढाच वेळ घेतात. बाड हस्तलिखित असल्याने कोणाला पाठवायचे तर आपणच टंकून घ्यावे लागते. इंग्रजी किंवा गुजराती भाषांतर ते करत नाहीत. परदेशी असलेल्या पुढच्या पिढीसाठी कागद वाचून घेणाऱ्यांची त्यामुळे अडचण होईल. माझी सर्वांत मोठी तक्रार अशी, की पदवीच्या टिपणातील कोणती गोष्ट कोठून घेतली, हे ते लिहीत नाहीत. विचारल्यावर तोंडी सांगतात, ग्रंथ काढून दाखवतातही. पण कागदावर ते यायला हवे.

शुल्क पानामागे ५०० रुपये आहे, टिपणाचे वेगळे घेत नाहीत. जाणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यावी, की कागदाला चिकटपट्टी लावू नये, तो प्लॅस्टिकमध्ये पक्का करू नये आणि घडीवर मोडला असेल तर घरी जोडण्याचा प्रयत्न करू नये. आमच्या कागदाच्या घडीवर आजोबांनी डिंकाने लावलेली पट्टी होती. तिच्याखालचे दीड अक्षर गुरुजींना वाचता आले नाही आणि त्यांनी ते अंदाजाने भरलेही नाही. तेथे दोन टिंबे आणि प्रश्नचिन्ह आहे.

सोनेरी चौकट बाबांनी त्याच आठवड्यात उतरवली. दारावरची पाटी बदलायला आणखी महिना गेला. आत्या सुरुवातीला रुसली होती, परंतु दुसऱ्या भेटीला ती आपणहून माझ्याबरोबर आली आणि ‘घोडी रास ३’ एवढीच अक्षरे मोडीत मोठी करून लिहून द्याल का, असे तिने गुरुजींना विचारले. त्यांनी बोरू तासून घेतला, आधी लांब शिरोरेघ ओढली आणि तिच्याखाली ती अक्षरे लिहून दिली. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.