हेडलाइटमागे आठ महिने: बल्बपेक्षा वायर आणि स्क्रू कामाला आले

गाडी बारा वर्षांची. हेडलाइट साधे, एच४ हॅलोजन, ६०/५५ वॅटचे. आठवड्यातून तीन-चार रात्री मला साठेक किलोमीटरच्या अशा रस्त्याने यावं लागतं, जिथे दिव्याचे खांब नाहीत, मधली पांढरी पट्टी कधीच पुसली गेली आहे आणि डांबराच्या कडा खचल्यात. वर्षानुवर्षं हे चालून गेलं. मग एका रात्री वळण संपता संपता रस्त्यात बसलेली काळी म्हैस दिसली. दिसली म्हणजे आधी तिचे डोळे चमकले, बाकीची म्हैस नंतर उमटली. स्टीअरिंग कापून मातीत उतरलो म्हणून दोघंही वाचलो. ती तर उठलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी बहुतेक लोक करतात तेच केलं: एलईडी बल्ब आणून घातले. पांढराशुभ्र, ६००० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप) प्रकाश. पहिल्या रात्री वाटलं, इतकी वर्षं आपण मेणबत्ती लावून फिरत होतो की काय! बंपरपुढची पंधरा-वीस मीटर जमीन दुधासारखी पांढरी. पण तासाभरात समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारायला लागला. मी आपला डिपरवरच, म्हणजे जवळच्या, खालच्या झोतावर. एका ट्रकवाल्याने तर चारही दिवे माझ्या तोंडावर लावले आणि तसाच शेजारून गेला.

शेवटी गाडी भिंतीसमोर उभी केली आणि एका बाजूला जुना बल्ब, दुसऱ्या बाजूला एलईडी लावून पाहिलं. हॅलोजनच्या बाजूला भिंतीवर सरळ रेघ ओढल्यासारखी कड: खाली उजेड, वर अंधार, आणि रस्त्याच्या आपल्या बाजूला ती रेघ थोडी वर चढलेली. एलईडीच्या बाजूला नुसता पांढरा डाग, वरपर्यंत पसरलेला. एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि ती कड तयार होते. रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटच्या जागेसाठी आखलेला असतो, तिथे एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी सगळा झोत बिघडतो. एलईडीच्या चिप्स मधल्या पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या. माझ्या जोडीची जागा आणि रिफ्लेक्टरची अपेक्षा काही जुळत नव्हती. अशी अदलाबदल अनेक देशांत बेकायदा का आहे, ते त्या भिंतीने मला दाखवलं.

दुसरी गोष्ट कळायला जास्त दिवस गेले. जवळची जमीन फार उजळली की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. ड्रायव्हरला मात्र वाटतं, काय झकास लाइट आहे. पहिल्या पावसात तर ओल्या डांबराने तो सगळा पांढरा उजेड गिळूनच टाकला. वायपर चालू, दिवे चालू आणि रस्ता गायब. सातव्या आठवड्यात एका बल्बच्या पंख्यात धूळ बसली, तो घरघरू लागला आणि मग दिवा लुकलुकायला लागला. रेडिओत खरखर यायची ती वेगळीच. दोन महिने पुरे झाले. काढून टाकले.

आता मुळापासून बघायचं ठरवलं. मल्टिमीटर घेतला, इंजिन चालू ठेवलं आणि डिपर लावून मोजलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर ११.८! म्हणजे सव्वादोन व्होल्ट वाटेतच खपत होते. दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा अँपिअर करंट बॅटरीतून आत केबिनमध्ये जातो, चावीतून, स्टीअरिंगच्या दांडीवरच्या स्विचमधून फिरतो आणि बारीक वायरीतून परत पुढे येतो. बारा वर्षांत प्रत्येक जोडाला गंज आणि काजळी. हॅलोजनचा हिशोब निर्दय आहे: उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. माझ्याकडे व्होल्टेज सोळा टक्के पडलं होतं. म्हणजे बल्ब जवळपास अर्ध्या उजेडावर जळत होता, आणि दोष मी बल्बला देत होतो.

उपाय जुनाच आहे, रिले वायरिंग. रिले म्हणजे थोड्याशा करंटने ओढला जाणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. बॅटरीवरून थेट २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, पुढे रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ मधून दिव्याला. जुनी वायर आता फक्त ८५-८६ वर, रिलेची कॉइल ओढण्यापुरती. त्यामुळे स्विचवरचा भार नाहीसा होतो. अप्परला एक रिले, डिपरला एक. अर्थिंगही नवीन, बॉडीचा रंग खरवडून. होल्डर काढला तेव्हा त्याचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन कुरकुरीत झालेलं, एक पिन हातातच आली. तिथे सिरॅमिकचे होल्डर बसवले. जोडणी झाल्यावर मोजलं: १३.५ व्होल्ट. बल्ब तेच, ६०/५५ चेच, आणि उजेड हिशोबाने दीडपटीपेक्षा थोडा जास्त. पिवळट मरगळ जाऊन फिलामेंट खरंच पांढरं दिसायला लागलं.

यात माझ्या हातून एक गाढवपणा झाला. रिले तोंड वर करून बसवले. गाडी धुतली, पाणी आत गेलं आणि त्याच रात्री डिपर बंद. अर्धा रस्ता अप्परवर आलो, लोकांच्या शिव्या खात. आता पाय खाली करून बसवलेत, त्यानंतर तक्रार नाही. दुसरा परिणाम अपेक्षितच होता: पूर्ण व्होल्टेज मिळालं की बल्बचं आयुष्य कमी होतं. पाचव्या महिन्यात एका बाजूचं डिपरचं फिलामेंट गेलं. एक जादा बल्ब डिकीत ठेवतो. बदलताना काचेला बोट लावत नाही. हाताचं तेल लागलं की तेवढाच भाग जास्त तापतो आणि काच फुटू शकते.

रिले बसलेच आहेत तर १००/९० वॅटचे बल्ब घाल, असा सल्ला तीन जणांनी दिला. नाही घातले. एवढ्या उष्णतेने रिफ्लेक्टरचा चकचकीत थर उडतो, पुढची प्लॅस्टिकची काच भाजते. आणि उजेड दुप्पट केला म्हणून नजर दुप्पट लांब जात नाही, दुप्पट अंतरासाठी चौपट उजेड लागतो.

मग काच. तिला काच म्हणायचं एवढंच. आहे ती पॉलिकार्बोनेटची, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी पडते. टूथपेस्टचा उपाय मीही करून पाहिला आहे, चमक तीन आठवडे टिकली. या वेळी नीट केलं. आजूबाजूला मास्किंग टेप लावला आणि पाणी मारत ८०० नंबरचा सँडपेपर घासला. पहिल्या पाच मिनिटांत पोटात गोळा येतो, कारण काच आधीपेक्षा जास्त पांढरी, दह्यासारखी होते आणि खालून पिवळं दूध वाहत असतं. तो जुना खराब थर. ते पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत थांबायचं नाही. नंतर १५००, २०००, ३००० आणि शेवटी पॉलिशचं कंपाउंड. आतला बल्ब स्पष्ट दिसायला लागला तेव्हा मी उगाचच दोनदा जाऊन पाहून आलो. पण वरून अतिनील किरण अडवणारा यूव्हीचा थर द्यायचा आळस केला आणि तीन महिन्यांत पिवळेपणा परत. पुन्हा सगळं घासलं, या वेळी थर दिला. अजून स्वच्छ आहे.

आणि आता ते, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. लेव्हलिंग, म्हणजे झोताची उंची जुळवणं.

सपाट जागा, समोर भिंत, अंतर १० मीटर. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, माझ्या जागेवर माझ्याच वजनाचा माणूस. आतल्या लेव्हलिंगच्या चाकाचा आकडा शून्यावर. माझ्या दिव्याचा मध्य जमिनीपासून ६८ सेंटिमीटर. डिपरची कड एक टक्का खाली हवी, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवर ५८ वर. एक बाजू ठीकठाक होती. दुसरीची कड ३७ वर! पूर्वी कधीतरी बंपर ठोकून घेतला होता, तेव्हा दिवा काढून परत लावला गेला आणि कुणी पाहिलंच नाही. हिशोब केला तर तो झोत २२ मीटरवर जमिनीला टेकत होता. ५८ वर आणला की तोच ६८ मीटरपर्यंत जातो. तिप्पट! मागच्या बाजूचा स्क्रू अडीच फेऱ्या फिरवला, एवढंच. स्क्रू ड्रायव्हर आणि वीस मिनिटं. आणि मी त्यासाठी आधी दोन महिने लोकांचे डोळे दिपवत फिरलो होतो.

कड जमिनीला जिथे टेकते तिथपर्यंत उजेड पुरतो असं मात्र नाही. एका रात्री मोकळ्या रस्त्यावर एकाला गडद कपड्यात चालायला लावलं. डिपरवर तो मला पन्नास-पंचावन्न मीटरपर्यंत माणूस म्हणून ओळखू आला, त्यापुढे नाही. ताशी ६० ला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. दीड सेकंद लक्षात येण्यात गेला की २५ मीटर, कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे आणखी वीस. जेमतेम बसतं. ८० ला हाच हिशोब ६९ मीटरच्या घरात जातो. त्यामुळे डिपरवर असताना मी ६० च्या वर जात नाही, आणि ओल्या रस्त्यावर त्याच्याही बरंच खाली.

मागे सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरही समोरच्याच्या डोळ्यात जातो. लेव्हलिंगचं ते चाक त्यासाठीच आहे. गाडी घेतल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता, आता भरलेल्या गाडीत आठवणीने २ वर फिरवतो.

सहाव्या महिन्यात बंपरवर लांब झोताच्या दोन जादा दिव्यांची जोडी लावली. फॉग लॅम्प नव्हे. फॉग लॅम्पचा झोत रुंद आणि बुटका, लांब बघायला कुचकामी. ही जोडी तिसऱ्या रिलेवरून अप्परला बांधली आहे, डिपर केला की आपोआप बंद. सरळ, मोकळ्या रस्त्यावर फरक मोठा आहे, रस्त्याकडेला चालणारा माणूस खूप आधी कळतो. पण खरं सांगायचं तर पंधरा मिनिटांच्या वर ते चालू राहत नाहीत. वळणांवर उजेड झाडात जातो आणि रिफ्लेक्टिव्ह पाट्या असा काही झगझगाट परत फेकतात की डोळे मिटावे लागतात. लावले नसते तरी चाललं असतं.

फुकटात झालेल्या गोष्टीत विंडशील्डची आतली बाजू पुसणं पहिल्या नंबरावर. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून एक तेलकट पापुद्रा तिथे जमतो. दिवसा दिसत नाही, रात्री समोरचा प्रत्येक दिवा त्यात फुलतो. मीटरचा उजेड अगदी मंद केला. शेजारच्याचा मोबाइल बंद करायला लावणं हे सगळ्यात अवघड, ते अजून जमलेलं नाही.

चढ संपतो तिथे आणि कोपऱ्यावर अजूनही अंधच असतो, दिवे सरळ बघतात. तिथे वेग कमी करण्यापलीकडे मला काही सापडलेलं नाही.

सध्या एक उचापत बाकी आहे. गाडी धुतली की एका दिव्यात आतून वाफ धरते आणि रात्री कड धूसर होते. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: एलईडीचा पंखा मागे मावेना म्हणून मीच त्या बाजूची रबरी टोपी ब्लेडने कापली होती. या मॉडेलची टोपी सुटी मिळत नाही, अख्खा दिवा घ्या म्हणतात. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला आहे.