जॉन इस्टुमलिनचा गुलाब, आणि कोल्हापुरात मिळणारा लँडोरा

'जॉन इस्टुमलिन' हा पिवळा गुलाब हार्कनेस या इंग्लिश कंपनीने २०२१ साली आणला. कोल्हापुरात त्या नावाच्या रोपाची पिशवी कुणी पुढे केली, तर आधी पावती मागा. नाव ज्याचं आहे तो माणूस अठराव्या शतकातला वेल्सचा कृष्णवर्णीय माळी. लहानपणी पळवून आणलेला, क्रिकिएथजवळच्या इस्टुमलिन घराण्याच्या बागेत काम शिकलेला. १७६८ साली त्याने मार्गारेट ग्रुफिडशी लग्न केलं. थडग्यावरच्या वेल्श ओळी म्हणतात, माझा जन्म इंडियात झाला. त्या काळी 'इंडिया' हा शब्द फार सैल वापरत, त्यामुळे आपण लगेच हक्क सांगायला नको. त्याच दगडावर मृत्यूचं साल १७९१ कोरलंय, चर्चच्या नोंदवहीत मात्र दफन १७८६ चं. ज्याने आयुष्यभर बाग राखली, त्याच्या पाटीवरच चूक राहिली याचं वाईट वाटतं.

इथे पिवळं हवं तर लँडोरा घ्या. जर्मनीच्या टांटाऊ या गुलाब पैदासकारांची जात. कळी लांब, देठ सरळ, रंग पक्का, वास अगदी मंद. पाचपैकी चार तारे. एक तारा पावसाळ्याने खाल्ला. आजच्या पिवळ्या गुलाबांत पर्शियन पिवळ्या गुलाबाचं रक्त आहे, आणि काळ्या ठिपक्यांचा रोग लवकर धरण्याची खोडही तिकडूनच आली. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पानं सुकायलाच मिळत नाहीत; ठिपके येतात, पान पिवळं होऊन गळतं. गळलेलं पान त्याच दिवशी उचला, बुरशी त्यातच टिकते. पाणी सकाळी आणि बुडाशीच घाला. ऊन निदान सहा तास हवं.

घेताना डोळा भरलेली जागा, म्हणजे रानगुलाबाच्या खोडावर लँडोराचं कलम बसवलेला जोड, बघा. त्याखालून फुटलेला जोमदार फुटवा म्हणजे खुंट, खालचा रानगुलाब. तो राहिला तर हळूहळू लँडोरा मरतो आणि रानगुलाब उरतो. असा फुटवा कापू नका, बुडापासून उपटा, नाहीतर पुन्हा येतो.

कुंडी बारा इंची. नदीकाठची काळी माती एकटी वापरली तर पाणी धरते आणि मुळं कुजतात. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. जोड मातीच्या बोटभर वर ठेवा. छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात. साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलं येतात.

जातीचं नाव लिहिलेलं पितळी किंवा ॲल्युमिनियमचं लेबल फांदीला सैल बांधा. कागदी चिठ्ठी पहिल्याच पावसात जाते.