वर्डप्रेस, वेबफ्लो की हाताने लिहिलेली साइट? एकट्याने धंदा करणाऱ्या वेब डिझायनरसाठी

स्वतंत्रपणे वेब डिझाइन सुरू करणाऱ्याला पहिल्या कोटेशनआधीच ठरवावं लागतं, साइट बांधायची कशावर. यूट्यूबवर याच्या तुलना ढिगाने सापडतात, पण त्या बहुतेक बांधणाऱ्याच्या सोयीने केलेल्या असतात : कशात काम लवकर उरकतं, कशात ॲनिमेशन देखणं होतं. मी मात्र दोनच गोष्टी आधी विचारतो. दुसऱ्या वर्षी रिन्युअलचं बिल कोण भरणार? आणि रात्री साइट बंद पडली तर फोन कोणाला येणार? कोल्हापुरातला दंतवैद्य, गुहागरचा होमस्टेवाला, नाशिकला क्लासेस चालवणाऱ्या मॅडम यांच्याकडे आयटी विभाग नसतो. तुम्हीच तो विभाग. त्या हिशेबाने तिन्ही पर्याय बघू.

वर्डप्रेस

मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे साइट बांधायचं सॉफ्टवेअर आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट्सच्या पोटात आहे. परवाना जीपीएल, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा. क्लायंटच्या बाजूने याचा मोठा फायदा असा, की उद्या तुम्ही नोकरी धरलीत किंवा गाव सोडलंत तरी काम पुढे नेणारा दुसरा माणूस नागपुरातही मिळतो आणि सावंतवाडीतही. कोटेशनमध्ये हे एक वाक्य आवर्जून लिहावं. क्लायंटला तंत्रज्ञान कळत नसेल, पण आपण कोणाच्या मुठीत अडकत नाही हे त्याला बरोबर कळतं. शिवाय डॅशबोर्ड, म्हणजे साइट चालवायचं आतलं पान, मराठीत करता येतो. पतसंस्थेतल्या किंवा शाळेतल्या क्लार्कला सूचना चढवायच्या असतील तर हे फार उपयोगी पडतं.

आता दुखणी. वर्डप्रेसचा गाभा बऱ्यापैकी भक्कम आहे, भोकं पडतात ती प्लगइनमध्ये, म्हणजे जादा सोयींसाठी वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. आठ-दहा प्लगइनवर भागणाऱ्या साइटवर तीस-तीस चढवलेली असतात आणि त्यातली निम्मी कोणी अपडेटही करत नाही. त्यात ‘नल्ड’ थीमचा रोग (थीम म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा). पैशाची थीम फुकट मिळते म्हणून कुठून तरी उतरवून घ्यायची, आणि तिच्यातून आलेल्या कोडमुळे सहा महिन्यांनी क्लायंटच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती झळकायच्या. त्या वाटेला जाऊच नये.

पेज बिल्डरबद्दल, म्हणजे ओढून-ठेवून पान मांडायच्या प्लगइनबद्दल, माझं मत जरा कडक आहे. त्यांतल्या एलिमेंटरने काम झपाट्याने होतं हे खरं, पण एकदा त्यात बांधलेली साइट त्याच्यावाचून उभी राहत नाही. प्लगइन बंद केलं की मजकूर उरतो, मांडणी जाते. २०१८ च्या डिसेंबरात ५.० आवृत्तीबरोबर आलेला वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर (ठोकळे रचून पान बांधायची सोय) सुरुवातीला चिडचिड करायला लावणारा होता. आता मात्र ब्लॉक थीम घेऊन लहान धंद्याची साइट बिल्डरशिवाय नीट होते. शिकायला थोडा वेळ जातो, पण पुढच्या प्रत्येक साइटवर तो भरून निघतो.

होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेची, एक मेख आहे. पहिल्या वर्षीचा दर जाहिरातीतला असतो, दुसऱ्या वर्षीचा तोंड आंबट करणारा. रिन्युअलचा आकडा पहिल्याच कोटेशनमध्ये घाला, म्हणजे वर्षाने तुम्ही खोटे ठरत नाही. बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस या प्लगइनची मोफत आवृत्ती पुरते. ती थेट गुगल ड्राइव्हवर प्रत पाठवते, आणि तो ड्राइव्ह क्लायंटचा असावा. साइट्स पाच-सहाच्या पुढे गेल्या की प्रत्येकीत लॉगिन करत बसण्यापेक्षा मेनडब्ल्यूपीसारखं एक केंद्रीय डॅशबोर्ड लावून सगळ्यांचे अपडेट एका ठिकाणाहून करावेत.

आणि हो, संपर्काच्या फॉर्मचे मेल. होस्टिंगच्या सर्व्हरवरून थेट निघालेले मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात किंवा पोचतच नाहीत. ‘साइटवरून एकही चौकशी येत नाही’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा एवढंच असतं. मेल नीट मेल-खात्यामार्फत पाठवणारं एसएमटीपीचं प्लगइन लावा, जोडीला व्हॉट्सॲपचं बटण द्या. लहान गावातलं गिऱ्हाईक फॉर्म भरत बसत नाही, बटण मात्र दाबतं.

ही सगळी देखभाल म्हणजे ओझं, पण त्या ओझ्यावरच एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) मागता येते. दरमहा किंवा वर्षाला ठरलेली रक्कम येत राहिली तर नवीन काम नसलेल्या महिन्यातही भाडं निघतं. एकट्याच्या धंद्यात याला फार किंमत आहे.

वेबफ्लो आणि त्याची भावंडं

वेबफ्लो ही ब्राउझरमध्येच साइट डिझाइन करून तिथेच ठेवायची सेवा २०१३ पासून आहे. ज्याला सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या) क्लासची भाषा येते त्याच्या हातात ते सुंदर चालतं. होस्टिंग त्यांचं, सुरक्षा त्यांची, प्लगइनची कटकट नाही. निव्वळ डिझायनर म्हणून बघितलं तर तिन्हींत सगळ्यात आनंदाचं काम इथे.

अडचण बिलाची. योजना डॉलरमध्ये, कामाची साइट महिन्याला साधारण १५ डॉलरपासून पुढे, आणि परदेशी डिजिटल सेवा म्हणून वर १८ टक्के जीएसटी. होस्टिंगचे वर्षाचे दोन-चार हजारही घासाघीस करून देणाऱ्या दुकानदाराला हे पचत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेचा आवर्ती पेमेंटचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला, तेव्हापासून भारतीय कार्डावरची कित्येक परदेशी सबस्क्रिप्शन्स आपोआप वळती होत नाहीत. मँडेट (आपोआप वळतीची परवानगी) नोंदवावं लागतं, १५ हजारांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. क्लायंटच्या कार्डावरचं पेमेंट फसलं, त्याने इंग्रजी मेल वाचला नाही, साइट उतरली. फोन तुम्हाला. हे टाळायला स्वतःच्या कार्डावर दहा क्लायंटची सबस्क्रिप्शन्स घेणारे लोक आहेत. त्यांची सावकारी बिनव्याजाची असते आणि वसुलीही त्यांनाच करावी लागते.

बाहेर पडायचं झालं तर? पैशाच्या योजनेवर वेबफ्लो एचटीएमएल, सीएसएस आणि चित्रं उतरवून देतं, पण सीएमएसवर, म्हणजे मजकुराच्या साठ्यावर, बांधलेली पानं आणि फॉर्म त्या प्रतीत चालत नाहीत. याच जातीचं विक्स २००६ पासून बाजारात आहे, तरी साइट उचलून दुसरीकडे नेण्याची सोय त्यात नाही. फ्रेमर या तिसऱ्या भावंडाचंही तेच. विक्सबद्दल इतकंच म्हणेन : ज्या क्लायंटला विक्स पुरतं तो ते स्वतः करू शकतो, तुम्हाला त्यात फारसे पैसे नाहीत.

पण ज्या क्लायंटकडे मार्केटिंगची माणसं आहेत, दर आठवड्याला नवं लँडिंग पेज (जाहिरातीवरून येणाऱ्यांसाठीचं पान) हवं असतं आणि कंपनीच्या कार्डावरून डॉलर सहज जातात, तिथे वेबफ्लोच घ्या. पुण्या-मुंबईतले स्टार्टअप किंवा अमेरिकेतली एखादी एजन्सी. परदेशी कामं मिळवायचं मनात असेल तर वेबफ्लो येणं ही चांगली जमेची बाजू. फक्त फायव्हरसारख्या ऑनलाइन कामं मिळण्याच्या ठिकाणी विक्रेत्याच्या हाती रकमेचे ८० टक्केच येतात, हे दर ठरवताना धरावं.

हाताने लिहिलेली, स्थिर साइट

डॉक्टर, वकील, होमस्टे, छोटा कारखाना. पाच पानं, एक नकाशा, एक व्हॉट्सॲपचं बटण. याला डेटाबेस कशाला हवा? साधं एचटीएमएल, किंवा साच्यांतून तयार पानं काढून देणारं ॲस्ट्रो नाहीतर इलेव्हन्टीसारखं जनरेटर, आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर मोफत होस्टिंग. क्लायंटचा वार्षिक खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा. हॅक होण्यासारखं तिथे जवळपास काही नसतं आणि पावसाळ्यातल्या कोकणातल्या नेटवरही पान चटकन उघडतं.

मोफत म्हणजे सगळीकडे धंद्याला मोफत असं समजू नका. व्हर्सेल या होस्टिंगची मोफत योजना फक्त वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. गिटहब पेजेसच्या अटीही ऑनलाइन धंदा किंवा दुकान चालवायला परवानगी देत नाहीत. क्लायंटचं काम तिथे ठेवून देण्यापूर्वी अटी वाचाव्यात.

या पर्यायावरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे क्लायंटला स्वतः बदल करता येत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण जरा आजूबाजूला बघा. ‘तुम्ही स्वतः बदलू शकाल’ असं सांगून विकलेल्या किती साइट्समध्ये मालकाने कधी लॉगिन केलंय? तो रात्री अकराला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो आणि लिहितो, ‘सर हे टाका ना.’ तेव्हा बदलांचे दर आधीच ठरवून ठेवावेत. फक्त दरपत्रक बदलत असेल तर ते गुगल शीटमधून ओढता येतं, तेवढं मालकाला फोनवरूनही जमतं. रोज बातम्या किंवा सूचना चढणार असतील तर मात्र हट्ट न धरता वर्डप्रेसकडे जावं.

मराठी मजकुराची परीक्षा

इथे तिन्ही पर्याय सारखेच गोंधळ घालू शकतात. इंग्रजी टेम्प्लेटच्या शीर्षकाला अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असतं. तेच देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटून शब्दांचे तुकडे पडतात. ते अंतर शून्य करा. ओळींमधली उंची मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. फॉन्ट म्हणून ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता बहुतेक कामांना चालतो, वाचनाच्या लांब पानांना तिरो देवनागरी मराठी जास्त शोभतो. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवायला विसरू नका. काही फॉन्ट त्यावरून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं निवडतात.

वर्डप्रेसचा एक खास त्रास पानाच्या पत्त्याचा (यूआरएलचा). मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ताही देवनागरीत तयार होतो. आतमध्ये प्रत्येक अक्षर-चिन्हाला नऊ जागा लागतात आणि मर्यादा २०० ची, म्हणून विसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. वर तो व्हॉट्सॲपवर चिकटवला तर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. रोमन लिपीतला छोटा पत्ता हाताने लिहावा, हा उपाय साधा आणि कायमचा.

बाकीची हत्यारं थोडक्यात. आराखड्याला फिग्माची मोफत योजना सुरुवातीला पुरते, मुक्त सॉफ्टवेअर हवं असेल तर पेनपॉट आहे. चित्रं हलकी करायला स्क्वूश, वेग तपासायला पेजस्पीड इनसाइट्स.

पैशाची बाजू

स्थानिक क्लायंटकडून पैसे घ्यायला पेमेंट गेटवेची गरज नसते. ४० हजारांच्या बिलावर २ टक्के फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ९४४ रुपये जातात, यूपीआय किंवा एनईएफटीने ते वाचतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. उद्यम नोंदणी मात्र करून टाका, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. नोंदणी झालेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला मेल लिहिताना या तरतुदीचा उल्लेख बराच उपयोगी ठरतो.

मग घ्यावं काय?

महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम शहरात सुरुवात करणाऱ्याने वर्डप्रेस नीट शिकावं, ब्लॉक थीम आणि मोजकी प्लगइन एवढ्यावर. पाच पानांची कामं स्थिर साइटवर न्यावीत. तिथे एएमसी कमी मिळते, पण रात्रीचे फोनही येत नाहीत. वेबफ्लो दुसऱ्या वर्षी, डॉलर देणारा क्लायंट समोर दिसला की. तिन्ही एकदम शिकायला घेऊ नका.

काहीही निवडलंत तरी डोमेन क्लायंटच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर घ्या. बिल तुम्ही भरलंत तरीसुद्धा. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून क्लायंट बांधून ठेवण्याची पद्धत या धंद्यात आहे. तशा क्लायंटला तिथून सोडवून आणण्याचं काम तुमच्याकडे आलं, तर त्याचे वेगळे पैसे लावा. त्यात आठवडे जातात.