विश्रामबागेतील लॅपटॉप-दुरुस्ती : स्वतः कंपाइल केलेला कर्नल बूट होईना तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डातील दोन अडत दुकानांसाठी हळदीच्या सौद्यांचे हिशेब ठेवणारी संगणक-प्रणाली मी सांभाळतो आणि ते सारे काम डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या माझ्या एकाच लॅपटॉपवर चालते. त्यावर ६.१२ हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सोर्स कोडपासून स्वतः कंपाइल करून बसवण्याची हौस ऐन हंगामात कशी सुचली, हे मला घरच्यांनाही पटवून देता आलेले नाही. रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू नेहमीसारखा आला, पण पुढच्या दोन-तीन सेकंदांत कर्नल पॅनिकचा (कर्नलला पुढे जाताच येत नसल्याचा) मजकूर उमटून सगळे जागच्या जागी थांबले. रूट फाइल सिस्टिम (प्रणालीच्या मूळ फाइलींचा साठा) माउंट करता, म्हणजे जोडता, येत नाही, ‘अननोन ब्लॉक (०,०)’, असे शेवटी लिहिलेले होते. त्याच्या वर उपलब्ध पार्टिशनांच्या (डिस्कच्या भागांच्या) यादीचे शीर्षक होते आणि त्या शीर्षकाखाली एकही पार्टिशन नव्हते.

ही रिकामी यादी पाहूनच शहरातल्या एका दुकानाने, ज्याचे नाव मी लिहीत नाही, एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्क, गेल्याचा निर्वाळा दिला, नव्या एसएसडीचा भाव सांगितला आणि डेटाची हमी देता येणार नाही असेही बजावले. विश्रामबागेतील ज्या छोट्या दुकानाविषयी हे लिहीत आहे, तेथील तंत्रज्ञाने मात्र स्क्रू-ड्रायव्हरला हात न लावता तोच पडदा दोनदा वाचला आणि मला विचारले, “अहो, डिस्क मेली असती तर हा कर्नल ग्रबने आणला कुठून?” प्रश्न इतका सरळ होता की तो स्वतःला न सुचल्याची मला लाज वाटली. ग्रब डिस्क वाचतो तो यूईएफआय फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्याच प्रोग्रामच्या, आधाराने. कर्नल एकदा सुरू झाला की त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. त्यामुळे एकाच डिस्कवरून मेनू येणे आणि नंतर तीच डिस्क ‘न दिसणे’ यात काहीही विसंगत नाही.

खरे कारण त्यांनी मला बोलते करून काढले. मी डेबियनचीच जुनी कॉन्फिग फाइल (कर्नल कसा बांधायचा याची यादी) वापरली होती. तीत एनव्हीएमई (डिस्कचा ड्रायव्हर) आणि एक्स्ट४ (फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर) हे दोन्ही कर्नलमध्ये न भरता मॉड्यूल, म्हणजे नंतर जोडायचे तुकडे, म्हणून वेगळे ठेवलेले असतात, आणि मॉड्यूल असतात रूट पार्टिशनवर, म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. हा पेच इनिट्रॅमएफएस सोडवते, कारण गरजेचे मॉड्यूल घेतलेली ती छोटी प्रतिमा ग्रब कर्नलसोबतच मेमरीत आणून ठेवतो. माझ्याकडे ती प्रतिमा तयारच झाली नव्हती. डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) माहितीसकट बसवलेल्या मॉड्यूलांमुळे ती एवढी फुगली की कर्नल आणि ही प्रतिमा जेथे राहतात त्या ५१२ एमबीच्या बूट पार्टिशनमध्ये मावेना, आणि ‘जागा शिल्लक नाही’ ही ओळ इतर शेकडो ओळींबरोबर वर सरकून गेली. नंतर जागा करण्यासाठी मी जुना कर्नल काढून टाकला. चालू कर्नल काढत आहात, थांबवू का, असे यंत्राने विचारले असता ‘नको’ असे उत्तरही मीच दिले होते. पण प्रतिमा पुन्हा तयार करण्याचे राहून गेले आणि मेनूत परतीची वाट उरली नाही.

दुरुस्ती माझ्यासमोरच झाली. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) लॅपटॉप सुरू करून रूट, बूट आणि ईएफआय ही तिन्ही पार्टिशने आपापल्या जागी माउंट केली. डेव्ह, प्रॉक आणि सिस या कर्नलच्या फोल्डरांची जोडणी करून सीएचरूट या आज्ञेने माझ्याच प्रणालीत प्रवेश केला. माझ्या होम फोल्डरमधील सोर्समधूनच ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ हा पर्याय १ ठेवून, म्हणजे डीबग माहिती काढून, मॉड्यूल पुन्हा बसवले, त्यानंतर इनिट्रॅमएफएस बनवली. ती आता शंभर एमबीच्याही आत आली. ग्रबची यादी नव्याने करण्यापूर्वी डेबियनचा मूळ ६.१ कर्नल त्यांनी न सांगता परत बसवला. एरवी न विचारता केलेले काम मला खपत नाही, पण येथे तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. सिक्युअर बूट (स्वाक्षरी तपासूनच कर्नल चालू देणारी सोय) मी आधीच बंद केले होते, कारण स्वाक्षरी नसलेला कर्नल त्याखाली चढत नाही. स्वतःची डिजिटल किल्ली नोंदवून कर्नलवर स्वाक्षरी करून द्याल का, असे विचारल्यावर “त्याला वेळ लागेल, पुढच्या आठवड्यात बघू” एवढेच उत्तर मिळाले. शिवाय काय काय केले याची लेखी नोंद दुकान देत नाही. चालवलेल्या आज्ञा मी काउंटरवरच्या जुन्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेतल्या, आणि एका आज्ञेतला आवृत्ती-क्रमांक चुकीचा उतरल्याचे घरी आल्यावर लक्षात आले.

७०० रुपये घेतले, पावती मागितल्यावर मिळाली. बसायला एकच स्टूल आहे आणि मला दोन तास थांबावे लागले, त्यातला बराच वेळ प्रिंटर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांत गेला. बूट पार्टिशन १ जीबीचे करून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. सौद्यांची गर्दी ओसरली की लॅपटॉप पुन्हा तेथेच नेणार आहे, बॅकअप घेऊन.