ग्रफलो घ्यावा की हिरवा राक्षस?

अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी राक्षसाचे पहिले चित्रपुस्तक निवडताना जुलिया डोनाल्डसन आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांचे ‘द ग्रफलो’ (१९९९) घ्यावे की एड एम्बर्ली यांचे ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ (१९९२), असा पेच मलाही पडला होता. शेवटी दोन्ही घेतली आणि कन्येला दोन्ही अगणित वेळा वाचून दाखवली.

गोष्ट म्हणून ग्रफलो सरस आहे, हे आधीच कबूल करतो. कोल्हा, घुबड आणि साप यांना पळवून लावण्यासाठी उंदीर ग्रफलो नावाच्या ज्या राक्षसी प्राण्याची थाप मारतो, तोच पुढे साक्षात उभा राहतो, ही कल्पना पंचतंत्रावर वाढलेल्या कानांना लगेच आपलीशी वाटते. (मूळ धागा वाघाचा धाक उसना घेणाऱ्या कोल्ह्याच्या चिनी लोककथेतला आहे.)

ही गोष्ट यमकांत सांगितलेली आहे, आणि माझी अडचण यमकांचीच झाली. आमच्याकडची प्रत इंग्रजी, आणि झोपतानाची भाषा मराठी. त्यामुळे मी वाचता वाचताच मराठी करीत असे. ग्रफलोच्या नाकाच्या शेंड्यावरची विषारी चामखीळ निभावून जाई, पण सुळ्यांशी काल काय जुळवले होते ते आज आठवत नसे आणि कन्या पांघरुणातून उठून म्हणे, “बाबा, काल असं नव्हतं!” अखेर जुळवलेली यमके कागदावर लिहून पुस्तकात ठेवली, तर ती पत्नीला पसंत पडेनात, तिची यमके निराळी होती.

एम्बर्लींच्या पुस्तकात हा तंटाच उद्भवत नाही. कापलेल्या भोकांतून आधी पिवळे डोळे, मग निळसर-हिरवट लांब नाक, मग लाल तोंडातले पांढरे दात असा चेहरा पानागणिक जमत जातो आणि पुढे एकेक अवयव ‘जा’ म्हणून हाकलला जातो. वाक्ये इतकी आखूड आहेत की मराठीत ती रोज तशीच उतरतात, आणि आठवड्याभरात आज्ञा देण्याचे काम कन्येने स्वतःकडे घेतले. ‘पुन्हा येऊ नकोस’ असे बजावल्यावर ‘मी सांगेपर्यंत’ ही पुस्ती जोडलेली आहे. ती म्हणताना तिचा जो रुबाब असे, तो ग्रफलोने तिला कधी दिला नाही.

भोकांच्या कडा मात्र चिमुकल्या बोटांपुढे टिकत नाहीत. इंग्रजी कानावर असलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी कदाचित माझा सल्ला उलटाही ठरेल. आमच्या घरी नाकाजवळ चिकटपट्टी लावलेला हिरवा राक्षस उशाशी असतो, आणि ग्रफलो तूर्तास वरच्या फळीवर आहे.